कुरोताकाचा मुखवटा

अफताब, सलाम.

तुझा लाडका जपानी पैलवान कुरोताका गेल्या आठवड्यात राई गावातल्या माझ्या शिलाईच्या दुकानात आला होता, हे तुला ठाऊक आहे. कुस्तीत त्याचा मुखवटा फाटला होता. उभ्या कारकिर्दीत त्याने कुणाला चेहरा दाखवलेला नाही, हे सांगून तूच माझे कान किटवलेस. त्याचा मॅनेजर म्हणाला, "डोक्यावरच शिवा."

मी साफ नाही म्हटलं. अंगावरचं अंगावर शिवायचं नाही, हे अम्मीनं शिकवलंय. मग कुरोताकाने मॅनेजरला बाहेर काढलं, मुखवटा उतरवला आणि माझ्या हातात दिला. टाके असे घातलेत की कुठे फाटलं होतं ते त्यालाही सापडलं नाही.

फोनवर तुला म्हटलं, चेहरा पाहिला नाही. पाहिला. कसा आहे, ते या न पाठवायच्या पत्रातही लिहिणार नाही.

तुझी मोठी बहीण,
बिल्कीस