दोन सोडून तिसरा

धंतोली, नागपूर
१२ जून २०२५

ती. दादास,
मयुराचा साष्टांग नमस्कार. पुढचं 'विनंती विशेष' गाळलं आहे, कारण ही विनंती नाही.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. बाबांच्या दवाखान्यासाठी मी लिहिलेला, पेशंटचे नंबर लावणारा 'रांग' हा प्रोग्राम कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा म्हणून खुला ठेवला होता. खापरखेड्याच्या कॉलनीतला दवाखाना तो वापरतो. अमेरिकेतला एक धर्मादाय दवाखानाही वापरायचा, पण तुझ्या कंपनीने त्यांना नोटीस धाडली. तिथली जी मुलं माझ्यासोबत प्रोग्राम सुधारत होती, ती घाबरून बाजूला झाली. ज्या संकेतस्थळावर मी तो ठेवला होता, त्यांनीही तो उतरवला.

नोटिशीला तुमचं अमेरिकेतलं पेटंट जोडलं होतं. बाहेर गेलेल्या पेशंटचा नंबर राखायचा आणि तो परतला की दोन सोडून तिसरा म्हणून आत घ्यायचा! संशोधक कोण, तर तू. अरे, काही लाज? बाबांच्या दवाखान्यात कन्हानची मंडळी रांगेत चपला ठेवून चहाला जायची आणि परतल्यावर भांडायची, तेव्हा आईने काउंटरवर बसून हा नियम काढला. तू तिथेच बाकावर गृहपाठ करायचास. पेशंटना हाका मारणाऱ्या बायजाबाईंना हे सांगितलं, तर त्या विचारू लागल्या, स्वानंदभाऊनं आपली रांग इकून टाकली काहून म्हणून. मी काय सांगू त्यांना?

लोभाचं काय ते तुझ्या उत्तरावर ठरेल.
मयुरा


पुणे
२० जून २०२५

चि. मयुरास,
आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी.

आधी अक्कल, मग शाई. तुझा कोड तूच लिहिलास, हे कोण नाकारतंय? पेटंट कोडचं नसतं, पद्धतीचं असतं. नक्कल केली नाही म्हणून सुटका होत नाही. आणि चपलांची रांग म्हणजे संगणकाची रांग नव्हे, हे तुला तरी कळायला हवं. शिवाय भारतात नुसत्या प्रोग्रामला पेटंट मिळत नाही, मग नागपुरात बसून गळा कशाला काढतेस?

तरी मी वरच्यांकडे शब्द टाकला. बाबांच्या दवाखान्यापुरती परवानगी फुकट मिळेल. अट एकच, प्रोग्राम पुढे कोणाला द्यायचा नाही. ती घे आणि गप्प बस. आईला या वयात कोर्टाच्या कागदात ओढलंस, तर माझ्याशी गाठ आहे.

बाबांना नमस्कार. तुझ्या डोक्यावर थंड पाणी.
स्वानंद


धंतोली
२९ जून २०२५

ती. दादास,
नमस्कार. परवानगी नको.

स्वयंपाक मी करायचा, पण कोणाला वाढायचा नाही, असली तुझी अट. प्रोग्राम घेणाऱ्या प्रत्येकाला मी तो पुढे देण्याचा हक्क दिला आहे. तुझ्या अटीवर सही केली तर मी सगळ्यांना खोटी पडते. प्रत्येक प्रतीमागे फी भर म्हणशील, तर किती प्रती कुठे गेल्या हे मलाच ठाऊक नाही; खुल्या प्रोग्रामचं तसंच असतं. आणि तिथली मुलं ज्याला हात लावू शकत नाहीत, तो प्रोग्राम कसला खुला?

खरा राग वेगळाच आहे. आता नवी ओळ लिहिताना हात अडतो. ही ओळ कोणाच्या पेटंटात सापडेल, कोण सांगणार? खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांचे एक वकील मला मदत करताहेत. ते म्हणाले, पेटंटं वाचतच बसू नका, नाहीतर जाणूनबुजून केलं म्हणून जास्त भरपाई मागतील. वाचलं तरी पंचाईत, न वाचलं तरी पंचाईत. स्वतःच्या डोक्याने विचार करायची मला भीती वाटावी, हे तू केलंस. हे मी विसरणार नाही.

मयुरा


धंतोली
८ जुलै २०२५

चि. स्वानंदास,
आईचे आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून घास गोड लागत नाही. मयुराने मला ओढलं नाही, मीच तिला तिच्या वकिलांना बोलवायला सांगितलं. ते काल आले. नियम तुम्ही काढला, तर पेटंटवर तुमचं नाव हवं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, इश्श! भांडणं मिटावीत म्हणून काढला, त्यावर नाव कसलं घालायचं? शेजारचा डॉक्टर दुसऱ्याच दिवशी तसंच करू लागला, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं होतं.

तू म्हणालास, आता काही आठवत नाही असं सांग, नाहीतर पेटंट टिकणार नाही आणि माझी नोकरी जाईल. तुझी नोकरी जावी असं कोणत्या आईला वाटेल? पण माझ्या म्हातारपणाचा तू असा उपयोग करू पाहिलास, याचं मला फार वाईट वाटलं. मला सगळं आठवतं. तसं वकिलांना लिहून दिलं आणि खाली सही केली.

तब्येत सांभाळ.
तुझी आई
इंदू