आठ ते नऊ फक्त इंग्लिश

६ फेब्रुवारी २०००, रविवार
निर्णय झाला. उद्यापासून घरात रात्री आठ ते नऊ फक्त इंग्लिश. शिकवणार मी.

कारण लिहून ठेवतो. कल्याणी कॉम्प्युटरच्या कंपनीत लागल्यापासून घरी येते कधी, जेवते कधी, पत्ता नाही. आज सकाळी फोनवर मैत्रिणीशी इंग्लिशमध्ये खिदळत होती. फोन ठेवल्यावर विचारलं, काय गं, कोण होतं? तर म्हणाली, कुणी नाही. म्हणजे पोरगी हसते इंग्लिशमध्ये आणि गप्प बसते मराठीत! उपाय सरळ आहे. घरातच इंग्लिश मिळालं तर बाहेर कशाला रेंगाळेल? एकुलती एक आहे. लग्न होईपर्यंत तरी डोळ्यांसमोर हवी.

मी बी.ए. आहे. पाटबंधारे खात्यात सीनियर क्लार्क आहे. इंग्लिश मला येतं. बोलायचा प्रसंग आलेला नाही, इतकंच.

सत्यशीला, म्हणजे आमची ही, म्हणाली, आधी मराठीत धड बोला तिच्याशी, सारखी मेली उलटतपासणी. सुधारकांना घरातूनच विरोध होतो. दुर्लक्ष केलं.

७ फेब्रुवारी, सोमवार
पहिला तास. नियम असा: आठ ते नऊ जो मराठी शब्द उच्चारेल त्याने रात्रीची सगळी भांडी घासायची. मास्तरसुद्धा.

कल्याणी सव्वाआठला हजर! गंमत बघायला आले म्हणाली. पण आली ना?

जेवताना ही म्हणाली, सॉल्ट. मी समजावलं, नुसतं सॉल्ट उद्धटपणाचं होतं, प्लीज पास मी द सॉल्ट म्हणायचं. ही उठली आणि मिठाची बरणी स्वतःच घेऊन आली. नऊ वाजल्यावर म्हणाली, घरच्या माणसाला कसलं प्लीज? आपण काय बँकेत बसलोय? पालथ्या घड्यावर पाणी. कल्याणीला मात्र हसून हसून ठसका लागला. आमच्या घरात हसली, हे महत्त्वाचं.

१० फेब्रुवारी, गुरुवार
साडेआठला ही स्वयंपाकघरातून येऊन म्हणाली, गॅस गॉन. वाक्य अपुरं होतं म्हणून मी विचारलं, व्हेअर? त्यावर ही जी आत गेली ती नऊपर्यंत बाहेर आली नाही. डाळ नऊनंतर शिजली.

तेवढ्यात खालचे आप्पासाहेब आले. सोसायटीचे सेक्रेटरी. उद्या पाणी येणार नाही हे सांगायचं होतं. मी म्हटलं, कम कम, सिट सिट, व्हॉट, टी विल यू टेक? ते दारातच थबकले. म्हणाले, रंगराव, बरं नसेल तर उद्या येतो. नऊनंतर जिन्यात भेटले तेव्हा हिला म्हणाले, चहा द्यायचा नसला की लोक कारणं सांगतात, भाषा बदलणारे पहिल्यांदाच पाहिले. खोचक माणूस. इंग्लिश येत नाही, म्हणून पोटात दुखतंय.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
एक अडचण. इंग्लिशमध्ये तू आणि तुम्ही एकच. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आज ही मला पहिल्यांदा यू म्हणाली. कोणत्या अर्थाने ते विचारता येईना, नऊ वाजायचे होते. नंतर विचारलं तर म्हणाली, दोन्ही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार
घवघवीत यश. कल्याणी हल्ली रोज आठच्या आत घरी! सोफ्यावर पाय घेऊन बसते, ऑफिसातल्या गोष्टी सांगते, भराभर इंग्लिशमध्ये. मी मान हलवतो. मथितार्थ कळतो. परवा आईला म्हणाली म्हणे, या तासाला घर किती छान वाटतं, बाबा एक प्रश्न विचारत नाहीत. ही शिकवण्याच्या पद्धतीला मिळालेली पावतीच.

सत्यशीलेनेही तास दहापर्यंत वाढवा असं सुचवलं. तिचीही गोडी वाढत चाललेली दिसते. आप्पासाहेबांनी खालून चौकशी केली, घरात कुणी आजारी आहे का, आवाज येत नाही.

२ मार्च, गुरुवार. रात्री सव्वानऊ
जसं घडलं तसं लिहितो.

साडेआठच्या सुमारास कल्याणी समोर येऊन बसली. हळू बोलली, त्यामुळे या वेळी प्रत्येक शब्द कळला. कंपनी तिला बंगलोरच्या ऑफिसात पाठवायचं म्हणते आहे. दोन वर्षं. उद्या सकाळी उत्तर द्यायचंय. बाबा, व्हॉट डू यू थिंक?

मला काय वाटतं! मराठीत सगळं ओठांवर आलं होतं. तिथे कोण आहे गं तुझं? खाशील काय? ताप आला तर पाणी कोण देईल? आणि आम्ही दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं? यातलं एक वाक्य इंग्लिशमध्ये होईना. घड्याळात आठ पस्तीस. भांड्यांचा प्रश्न नव्हता. पण मास्तरनेच नियम मोडला तर राहिलं काय?

डोन्ट गो. येतं की मला. पण नुसतं डोन्ट म्हणजे दरडावणं, हे मीच शिकवलेलं. पोरगी विचारायला आलीय आणि तिच्यावर खेकसायचं? मग प्लीज डोन्ट गो. पण बापाने पोरीला प्लीज म्हणायचं? माझ्या वडिलांनी जन्मात कुणाला म्हटलं नाही. मराठीत तो शब्दच नाही. कृपया आहे, तो पाटीवर लिहितात.

ती वाट बघत होती. सत्यशीला दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

म्हणालो, व्हेरी गुड.

कल्याणी पुढे सरकली. रिअली? म्हणाली. मी पुन्हा म्हणालो, व्हेरी व्हेरी गुड. तिने वाकून नमस्कार केला आणि आत गेली.

नऊच्या ठोक्याला मी उठलो, तर ती फोनवर मैत्रिणीला हेच सांगत होती. हरकत नाही. उद्या सकाळी मराठीत स्पष्ट सांगणार. बाप आहे मी.

३ मार्च, शुक्रवार
मी दाढी करत होतो, तोवर ती गेली. संध्याकाळी येऊन म्हणाली, होकार कळवला. आता एकदम नाही म्हणणं बरं दिसत नाही. रविवारी निवांत बोलणार.

सत्यशीला बोलत नाही. आठ ते नऊही नाही आणि नंतरही नाही.

५ मार्च, रविवार
जेवण झाल्यावर विषय काढणारच होतो. आप्पासाहेब पेढे मागत आले. सगळ्या सोसायटीला कळलंय. म्हणाले, मानलं रंगराव, तुमच्या क्लासचा पहिलाच रिझल्ट थेट बंगलोर. त्यांच्याबरोबर आलेले शेजारचे दोघे टाळ्या वाजवायला लागले. मी म्हटलं, मेहनत घेतली थोडीशी. मग दोघांनी आपापल्या मुलांना पाठवतो म्हणून सांगितलं. अशा वेळी नाही कसं म्हणायचं?

लोक गेल्यावर सत्यशीला इतकंच म्हणाली, हात दाखवून अवलक्षण. मग भांडी जोरात आदळली.

२५ मार्च, शनिवार
स्वारगेटहून संध्याकाळची बस. रिक्षात ठरवलं होतं की आता घड्याळ नाही, नियम नाही, सरळ मराठीत सांगायचं. अजून वेळ गेलेली नाही, चल घरी.

खिडकीपाशी उभा राहिलो. म्हणालो, पाण्याची बाटली घेतलीस ना? घेतली म्हणाली. मग पुन्हा तेच विचारलं. बस सुटताना आणखी एकदा विचारलं. दुसरं काही तोंडातून निघेचना. म्हणजे दोष इंग्लिशचा होता असंही नाही म्हणायचं.

परत येताना सत्यशीला रिक्षात रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही.

२ एप्रिल, रविवार
कल्याणीचा फोन आला. आधी आईशी बराच वेळ. मग बाबांना दे म्हणाली. मी घसा साफ केला.

मराठीत बोलली, चक्क भरभरून. खोली बरी आहे, भात फार, दोन मुली सोबत आहेत. मग म्हणाली, बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना? मला यायचंच नव्हतं इकडे. ऑफिसात तोंडावर नाही म्हणवत नव्हतं. वाटलं, तुम्ही तर हमखास नाही म्हणणार, आरडाओरडा करणार, मग बाबा नाही म्हणतात सांगून मोकळी होईन. म्हणून मुद्दाम नऊच्या आधी विचारलं, म्हणजे ओरडलात तरी भांडी तुम्हाला. आणि तुम्ही एकदम व्हेरी गुड म्हणालात. तुम्हाला एवढा आनंद झालेला कधी बघितला नव्हता. मग मोडवेना मला.

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. सत्यशीला समोरच उभी होती, काय म्हणतेय म्हणून हाताने विचारत.

कल्याणी म्हणाली, आता रुळेन हळूहळू, काळजी करू नका. पण खरं सांगा बाबा, तुम्हाला मनापासून आनंद झाला होता ना?

मी म्हणालो, येस.

उच्चार स्वच्छ आला.