साकव कुठे, ते परळला ठरतं

२१ एप्रिल, सोम.
मासिक सभा. विषय एकच, पऱ्यावरचा, म्हणजे गावच्या ओढ्यावरचा साकव. पायी जाण्यापुरता पूल, गावाला एकच मिळणार, जागा आपण सुचवायची. मी म्हटलं, खालच्या कातळाशी. एस.टी.चा थांबा तिकडे, उपकेंद्र तिकडे, रेशन दुकान तिकडे. उपसरपंच दत्ताराम मान डोलवत होता. शेवटी म्हणाला, "वहिनी, जागा बरोबर हाय. पन मुंबयला इचारूया."
बाकीच्यांनीही तीच री ओढली. सरपंच मी की मुंबई, असं विचारणार होते. गिळलं.

२४ एप्रिल, गुरु.
मुंबई मंडळाचा, म्हणजे तिकडे नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांचा निरोप आला. साकव वरच्या वडाकडे, पालखीच्या वाटेवर घालायचा. का, तर शिमग्यात देवाची गैरसोय होते. शिमग्यात पऱ्यात पाणी असतं कुठे? पोरं सुक्या गोट्यांवरून पालखी नाचवत नेतात. पाणी जूनपासून, आणि तेव्हा पलीकडे माणसांना जायचं असतं. गेल्या श्रावणात आमच्या बौद्धवाडीतल्या करुणाला कळा सुरू झाल्या, तर चौघांनी तिला खुर्चीत बसवून छातीभर पाण्यातून नेलं. मूल जगलं हे नशीब. पुन्हा तसं बघायची माझी तयारी नाही.
मंडळवाले गणपतीत, मे महिन्यात येतात ते डांबरी रस्त्याने, गाडी थेट दारात. पऱ्या कधी ओलांडलाय?
४ तारखेला त्यांची बैठक. मी जाणार. हे म्हणाले, "एकटी?" म्हटलं, नाहीतर काय पालखीतून जाऊ?

४ मे, रवि. परळ.
मंडळाचे अध्यक्ष तुकाराम अण्णा यांनी फोनवर वाट सांगितली होती. डेपोतून सरळ ये, गिरणीचं मोठं गेट लागलं की डावीकडे, पुढे खानावळ, तिच्यासमोर आपली चाळ. पाऊण तास फिरले. गेट नाही, खानावळ नाही, चाळ नाही. सगळीकडे काचा. चार जणांना विचारलं, चौघांनी मोबाइल काढले. शेवटी हार विकणारी एक म्हातारी म्हणाली, "गिरणी? तू उभी आहेस तिथंच होती." अण्णांनी मला चाळीस वर्षांपूर्वीच्या परळात पाठवलं होतं.

चाळीच्या जागी टॉवर. गावाची खोली आता अकराव्या मजल्यावर. पूर्वी एका खोलीत गावचे तीस-पस्तीस जण, पाळीप्रमाणे झोपायचे, एक उठला की दुसरा त्याच वळकटीवर. शाळेचे पत्रे त्यांनी पाठवले, देवळाची फरशी त्यांनी घातली. गाव त्यांचं ऐकतं ते उगाच नाही, हे मलाही कळतं. पण आमच्या वाडीचे पुरुष त्या खोलीत कधी नव्हते. सासरे गोदीत कामाला, त्यांची खोली भायखळ्याकडे. एका गावाच्या दोन मुंबया. आम्हाला कोण विचारतंय?

आणि गंमत अशी की मंडळात आज मुंबईत राहणारा एकही नाही. विरार, दिवा, बदलापूर. अण्णा नालासोपाऱ्याला. दोन-दोन तास प्रवास करून येतात आणि 'मुंबई' म्हणून बसतात.
कॅलेंडरच्या पाठीवर गावाचा नकाशा काढून ठेवलेला. थांबा वरच्या वळणावर, शाळा जुन्या जागी, मधोमध वड. अरे, वड पडून सात वर्षं झाली. दुरुस्त करायला पेन मागितलं, कुणी दिलं नाही. एकजण म्हणाला, "आमचं बालपण गेलंय तिथं." मी म्हटलं, माझं म्हातारपण जायचंय. मग तोंडून निघून गेलं, "तुमची गिरणी जशी खाली नाही, तसाच तो वडही नाही."
अण्णांनी खिडकीतून खाली बघितलं, म्हणाले, "चा घे गो. कळवतो."

५ मे, सोम.
अंग आंबलंय. बोलले ते खरं होतं, पण म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं. राग कमी झालेला नाही, वर लाज वाटतेय.

१५ मे, गुरु.
अण्णा गावी आलेत, आंब्यांना. दुपारी एकटेच वड बघायला निघाले म्हणे. वाट चुकून आमच्या अंगणात. घामाघूम. "हयसून वर कसा जायाचा गो?" स्वतःच्या गावात! हसू येत होतं, दाबलं. पाणी दिलं, प्यायले. चहाही घेतला. ह्यांचे वडील सांगायचे, अण्णांच्या घरी आमच्यासाठी करवंटी वेगळी असायची. मी कपबशीतून दिला.

मग त्यांना कातळाशी नेलं. पऱ्या कोरडा. "पानी कुठवर येता?" मी कातळावरचा शेवाळाचा वाळलेला पट्टा दाखवला. त्यांच्या छातीला लागत होता. त्यांनी त्यावर हात ठेवून बघितला. म्हणाले, "जागा तुझी बरोबर. पन मंडळात आता माझा कोन ऐकता?"
डोकं फिरलं. गाव मुंबईला विचारतं, मुंबई अण्णांचं नाव सांगते, आणि अण्णा म्हणतात माझं कोण ऐकतंय. मग इतकी वर्षं हा कारभार चालवतंय कोण? भूत?

२० मे, मंगळ.
पंचायत समितीत गेले. ठराव झाला नसला तरी निदान जागेची पाहणी करा म्हटलं. साहेब पुढच्या मंगळवारी येतील. क्लार्कने विचारलंच, "मुंबईच्या मंडळाचं पत्र आहे का?" ह्यालाही तेच. म्हटलं, नाही, सरपंचाचं आहे. घेतलं बाबा एकदाचं.

२५ मे, रवि.
दत्ताराम सांगून गेला, मंगळवारी, साहेब येणार त्याच दिवशी, मंडळाचे बाराजण गाडी करून येतायत. नारळ घेऊन, वडाकडे. म्हणजे जिथे वड होता तिथे. अण्णा त्यांच्यात आहेत का, त्याला माहीत नाही. अण्णांचा फोन बंद.
संध्याकाळी करुणाला घेऊन कातळाशी गेले. जागेच्या खुणेसाठी खुंट्या ठोकायला नेल्या होत्या, पण कातळात खुंटी कसली जातेय. परत घरी आले, खिडकीला आणलेला लाल रंग उरला होता तो नेला. पलीकडे एक रेघ, अलीकडे एक. मध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं, साकव इथे. खाली सही केली, हुद्द्यासकट. हाताला लागलेला रंग रॉकेलनेही निघत नाही.