पाटीवर नसलेला वैमानिक

३ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. (साष्टांगातली निम्मी अंगं हल्ली दुखतात, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.)

युद्धातल्या आपल्या हवाई तळाला यंदा पन्नास वर्षं होताहेत आणि स्मारक समितीने त्याचा इतिहास लिहायला मला बसवलंय. जन्मभर लोकांची टर उडवणाऱ्याला हे काम का, तर बाकी कुणी हो म्हणालं नाही. शिडीवर चढायला घाबरणारे नऊ सभासद मला रोज वैमानिकांचं शौर्य समजावून सांगतात.

काल तळावर गेलो. धावपट्टीच्या भेगांतून कमरेएवढं गवत, हँगरमध्ये खताची पोती. जेवणघरात युद्धात गेलेल्या वैमानिकांची पाटी मात्र शाबूत आहे. जुन्या नोंदवहीत तिच्यापेक्षा एक नाव जास्त निघालं. एकवीस वर्षांचा पोरगा, सतत शिट्टी वाजवायचा म्हणून सगळे त्याला ‘शिट्टी’च म्हणत. लढाऊ विमान घेऊन उडाला आणि धावपट्टीच्या टोकालाच कोसळला. चौकशीचा निकाल : वैमानिकाचा हलगर्जीपणा. म्हणून पाटीवर नाव नाही. त्याची बहीण दरवर्षी समितीला पत्र लिहिते आणि समिती ते दरवर्षी नीट फाइलला लावते.

त्या विमानाचा मेकॅनिक म्हणून सही आपल्या बाबांची आहे. माझ्याशी ते फक्त हवापाण्याबद्दल बोलतात. तू जरा विचारून बघ.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो माझ्या वागण्याकडे न बघता वाढवावा.

तुझा धाकटा

१४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक कान पिळून.

विचारलं, आणि जीभ चावली. दोन दिवस बाबा जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत होते, तर समोर येऊन बसले आणि पाठ केल्यासारखं सगळं सांगून मोकळे झाले.

विमान तपासून मेकॅनिकने फॉर्मवर सही करायची, मग खाली वैमानिकाने, असा नियम होता. पण हल्ल्याचा भोंगा झाला की कागदाला कुठला वेळ? म्हणून सगळेच मेकॅनिक दुसऱ्या दिवशीच्या फॉर्मवर आदल्या संध्याकाळीच सह्या करून ठेवत. त्या दिवशी पहाटेच भोंगा झाला. बाबांनी विमान तपासलंच नव्हतं, सही मात्र होती. नंतर मोडतोडीत त्यांना तेलाच्या नळीचा नट सैल सापडला. त्यांनी तो खिशात घातला. चौकशीत फॉर्म पुढे केला. सही बघून साहेबांचं समाधान झालं आणि दोष गेलेल्याच्या माथी बसला.

आता नीट ऐक. यातलं एक अक्षर छापायचं नाही. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मेलेल्याला पाटी काय कळते? इथे जिवंत माणसाचा घास तुटतोय. तुझी लेखणी समितीवर चालव, ती निबर आहे.

माया आहे, पण ती गृहीत धरू नये.

ताई

२ सप्टेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि., आणि आधी माफी.

मी तुझं ऐकलं होतं. ‘यांत्रिक बिघाडाची शक्यता नाकारता येत नाही,’ असं वाक्य लिहिलं. अशी वाक्यं लिहिणाऱ्यांची मी वीस वर्षं सालटी काढत आलोय. तेवढ्यात बाबांचं पत्र आलं, तुला न सांगता टाकलेलं. चारच ओळी : नाव माझं छाप. आधी त्या मुलाच्या बहिणीला जाऊन सांग. मला जाववत नाही. पाय दुखतात हे कारण नाही.

गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीशी शिवणयंत्र. बाई कुणाच्या तरी परकराला दुमड घालत होत्या. मी सगळं सांगेपर्यंत हात थांबला नाही. मग म्हणाल्या की पोराने विमानाचं खेळणं केलं, असं लोक बोलत, म्हणून त्यांची आई अकरा वर्षं शेजाऱ्यांची नजर चुकवून नळावर जायची. ती तशीच वारली. तिला आता कोण सांगणार, असं त्यांनी मला विचारलं.

बाईंनी मोठ्या मनाने माफ केलं असं लिहिलं असतं, तर तू ते बाबांना वाचून दाखवलं असतंस. त्यांनी माफ केलं नाही. फक्त विचारलं, तुमचे वडील अजून आहेत का. आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, मग येऊ देत. एकोणीस तारखेला पाटीवर नाव चढतंय. तेव्हा बाबा समोर हवेत, एवढंच त्यांचं मागणं. समिती कुरकुरली, पण नाव चढतंय.

चाकांच्या खुर्चीची सोय करतो. रागाव, पण पत्र लिही.

धाकटा

११ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

चार दिवस तुझ्यावर रागावले होते, मग रागावायला वेळ उरला नाही. बाबा येताहेत. कोट उन्हात घातलाय, दाढीला न्हावी सांगितलाय.

खुर्ची नको म्हणतात. समारंभात पाटीवरची सगळी नावं वाचत असताना उभं राहणार. दोन मिनिटांवर त्यांना उभं राहवत नाही हे तुला माहीत आहे. त्या मुलाचं नाव पहिलं वाचायला सांगू का, असं विचारलं, तर माझ्यावर ओरडले. तारखेप्रमाणे त्याची पाळी येईल तेव्हाच वाचायचं, म्हणाले. माझ्या सोयीसाठी त्याला पुन्हा हलवू नका.

म्हणून तू एवढंच बघ. भाषणं नंतर ठेवा, आणि वाचणारा थांबत थांबत वाचणारा नको. मी एका बाजूला उभी राहीन. दुसऱ्या बाजूला तू ये.

ताई