समोरून सोनेरी, बाजूने हिरवी

गच्चीवरची खोली, डोंबिवली पूर्व
वैशाखातला रविवार

तीर्थरूप सीताराममामांच्या चरणी (आणि चरणांजवळ मांडून ठेवलेल्या रंगांच्या डब्यांनाही) भाचा नयन याचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, की अजून त्या तांदूळ निवडता निवडता खडे वेगळे काढून तांदूळच टाकून देतात? कारखान्यात यंदा शाडू वेळेवर आला का? मी फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही “हं, बोल” म्हणता आणि मी बोलायच्या आत फोन मामींच्या हातात देता, आणि मामी “जेवलास का” याच्या पुढे जात नाहीत. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचता, निदान शुद्धलेखनाच्या चुका काढायला तरी. एखादी सापडली तर कळवा. सापडणार नाही.

इकडे मी खुशाल आहे. म्हणजे घरमालकीण आवडाबाईंची ही खोली माझ्या हातून जायच्या बेतात आहे, ड्रॅगन अर्धा रंगून पडला आहे, बाकी सर्व ठीक. खोली गेली की माझं काम गेलं, कारण उत्तरेचा असा उजेड डोंबिवलीत दुसरीकडे मिळत नाही, आणि मिळालाच तर आपण भाडं ठरवून खाली उतरेपर्यंत समोर इमारत उभी राहते. ट्यूबलाइटखाली माझे चमकते रंग शिळ्या बांगड्यासारखे दिसतात (हातातल्या नव्हे, माशातल्या).

ड्रॅगन म्हणजे काय हे तुम्हांला ठाऊक आहेच, कारण गेल्या गणपतीत तुम्ही सगळ्या आळीसमोर सांगितलंत की आमचा नयन मुंबईकडे पाली रंगवतो. तेव्हापासून गावचं कोणीही भेटलं की माझ्या आधी पालींची चौकशी करतं. म्हणून पुन्हा एकदा लिहितो. रेझिनचे वीतभर पुतळे असतात, त्यांना पंख असतात, ते आग ओकतात, आणि ठाण्याला मेघनाताई म्हणून आहेत त्यांच्या दुकानात चांगली नोकरदार माणसं संध्याकाळी टेबलाभोवती बसून अशा पुतळ्यांची लढाई खेळतात. (हसू नका. तुमच्याकडेही चांगली नोकरदार माणसं उंदराच्या कानात नवस बोलतात.) ते पुतळे मी हाताने रंगवतो. पद्धत तुमचीच. आधी अस्तर, मग अंगाचा रंग, मग चमक, आणि सगळ्यांत शेवटी डोळे. फरक एवढाच, की तुमच्या मूर्ती लोक आरती करून पाण्यात सोडतात आणि माझ्या काचेच्या कपाटात जपून ठेवतात. यातून काही सुचवायचं नाही. फक्त नोंद केली.

आता मूळ मुद्दा. तुमच्या कारखान्यातून मी दोन नियम घेऊन निघालो. डबीवर रंगाचं नाव लिहायचं, आणि नाव शुद्ध लिहायचं. “नाव लिहिलं की माणूस चुकत नाही,” हे तुमचं वाक्य मी अजून विसरलेलो नाही. (बारावीच्या पेपरात मी लिहिलेलं उत्तर तपासत बसलो आणि पुढचे प्रश्न राहून गेले, शिक्षण तिथेच थांबलं, त्याचं श्रेयही तुमचंच आहे. मी कोणाचं श्रेय ठेवून घेत नाही.) हे चमकते रंग भुकटीच्या पाकिटांत येतात, ते परदेशी नावं घेऊन. ती मला सहन होत नाहीत. म्हणून मी प्रत्येक भुकटी लोणच्याच्या स्वच्छ बरणीत भरली आणि कारखान्यात असतात तशी साधी, ओळखीची नावं घातली. शेंदूर, शेवाळ, जांभूळ, राख. आणि हळद.

ही हळद म्हणजे माझ्या सगळ्या रंगांची राणी. समोरून बघितली तर सोनं, बाजूने बघितली तर पोपटी हिरवी. ड्रॅगनच्या पाठीवर खवल्याखवल्याला ती लावली की तो वळायच्या आधीच वळल्यासारखा दिसतो. बरणी मी फळीवर अगदी पुढे ठेवली होती, नाव बाहेरच्या बाजूला करून, नीट दिसेल असं. नीटच दिसलं.

आवडाबाईंच्या नातवाचं, प्रितमचं, लग्न निघालं. तुम्हांला आमच्या इकडची हळद माहीत नाही. आगरी घरात लग्न हे हळदीच्या दुसऱ्या दिवशी उरकायचं एक किरकोळ काम असतं. मांडव रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बँजो, कढयांवर कढया मटण, आणि मधे ओट्यावर आवडाबाई. यांची भातशेती होती तिथे आता यांच्याच इमारती आहेत, पण बाई अजून तशाच बसतात, जणू कोणी गुरं सोडली तर ओरडता आलं पाहिजे. मांडवाच्या तोंडाशी भलाथोरला बॅनर लावलेला. त्यावर प्रितमचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली हाताएवढ्या अक्षरांत ‘हळदि संमारंभ’. मामा, मी तीन वेळा त्याखालून गेलो आणि तिन्ही वेळा मान वर करून चुका मोजल्या. प्रितमला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, “भाई, कोन वाचतंय? लोक मटन खायाला येतात.” पण मला राहवेना. संध्याकाळी शिडी आणली, रंग घेतले, आणि वर चढून ‘दि’ दीर्घ करू लागलो. ‘सं’वरचा अनुस्वार पुसणं त्याहून कठीण होतं, कारण खाली प्रितमच्या मामांचे फोटो होते आणि थेंब पडला असता तर लग्न मोडलं असतं.

मी शिडीवर व्याकरण दुरुस्त करत असताना खाली हळद कमी पडली. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली होती आणि प्रत्येकाला नवऱ्याच्या तोंडाला हात पुसायचा होता. प्रितमची आई, शेवंतीकाकी, जास्तीची खुर्ची आणायला माझ्या खोलीत गेली आणि खुर्चीऐवजी बरणी घेऊन आली. तिला शंका यायचं काही कारणच नव्हतं. अक्षर सुवाच्य होतं. माझं अक्षर वाईट असतं तर हे घडलं नसतं.

तेलात कालवून त्यांनी ती प्रितमला लावली, गळ्यापासून पायांपर्यंत. तेवढ्यात मांडवातले हॅलोजन लागले. लग्नाचे धवले म्हणणाऱ्या बाया गाता गाता थांबल्या. समोर बसलेल्या आवडाबाई म्हणाल्या, “गं बाय, पोऱ्या सोन्याचा झाला.” बाजूला बसलेला एक म्हातारा म्हणाला, “सोन्याचा कुठं, पोपट दिसतंय.” दोघंही खरं बोलत होते. मी शिडीवर, म्हणजे बाजूला होतो, त्यामुळे मलाही नवरा हिरवाच दिसला.

मी खाली उतरलो (ब्रश तोंडात होता, तो तसाच राहिला). बँजोच्या आवाजात आवडाबाईंच्या कानाशी जाऊन ओरडलो की ती हळद नाही, तो ड्रॅगनचा रंग आहे. त्यांनी हात वर करून बँजो थांबवला. मग म्हणाल्या, “मंग बरनीवर काय तुजे बापाचा नाव लिवलंय?” याचं उत्तर तुमच्याकडे असेल. रंगाने अंगाला काही होत नाही याची मी खोलीत जाऊन, पाकिटावरचं पुन्हा पुन्हा वाचून खात्री करून घेतली. तीच भुकटी बायकांच्या पापण्यांवर लावायच्या डब्यांत असते. हे सांगितल्यावर बाईंचा राग कमी होईल असं मला वाटलं होतं. “पापन्यांवरचा रंग माजे नातवाचे ढुंगनाला?” एवढंच त्या बोलल्या, आणि पुढे, “नवरी घरान आली का तू खोली खाली कर.”

तेव्हा मला आठवलं की अजून एक संकट रस्त्यावर आहे. नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे जाते आणि तीच तिला लावतात. नवरी, म्हणजे करिश्मा, शहाडची. ताट घेऊन गाडी केव्हाच निघाली होती. मी रिक्षा केली. रिक्षावाला माझ्या तोंडातल्या ब्रशकडे बघत होता, मी पुढच्या प्रत्येक गाडीत हळदीचं ताट शोधत होतो, आणि कल्याणच्या पुलावर आम्ही दोघंही बराच वेळ एकाच जागी उभे राहून हे करत होतो. पोचलो तेव्हा करिश्माच्या गालांपासून तिच्या सगळ्या आत्यांच्या तळव्यांपर्यंत शहाड चमकत होतं.

मी गर्दीतून वाट काढत करिश्मासमोर गेलो आणि सगळं खरं सांगितलं. मार खायची तयारी होती. तिने मोबाइलमध्ये चेहरा बघितला, आधी समोरून, मग डावीकडून, मग उजवीकडून. “हिरवं कुठल्या बाजूने दिसतं?” म्हणाली. मी म्हटलं, दोन्ही. “निघतं कधी?” मी म्हटलं, ड्रॅगनचं कधीच नाही, माणसाचं चारदोन आंघोळींत निघेल. तिने थोडा विचार केला आणि मागे वळून म्हणाली, “आत्ये, घरातले सगळे साबण लपव.”

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. अंतरपाट खाली आला आणि पाहुण्यांनी अक्षता टाकायचं सोडून मोबाइल वर केले. समोरच्या रांगांना सोन्याची जोडी दिसत होती. कडेच्या रांगांनी जेवताना चौकशी केली की दोघांना हिरवी कावीळ आहे का, मग त्यांना उठवून समोर नेऊन दाखवलं. दुपारपर्यंत करिश्माकडच्या बायकांत ठरून गेलं होतं की आवडाबाईंनी हळदीत खरं सोनं कुटून घातलं. हे आवडाबाईंच्या कानावर गेलं तेव्हा मी जवळच पत्रावळी उचलत होतो. त्यांनी नाकारलं नाही. पदर सावरला फक्त.

असो. लिहिण्यासारखं विशेष काही नव्हतं. तुमच्या नियमांचं फळ तुम्हांला कळावं, एवढाच हेतू. मला कशाचीही गरज नाही. मामींना नमस्कार, मांजराला विचारल्याचं सांगा.

आपला आज्ञेतला (आणि आज्ञेपायीच अडकलेला)
नयन

ता. क. एक गोष्ट राहिली. आवडाबाईंनी त्या बायकांना सांगितलं आहे, “ही आमचे भाडोत्र्याचे मामाची हलद. कोकनान देवाचे कारखान्यान कुटतान.” आता विठ्ठलवाडीला त्यांच्या बहिणीकडे लग्न आहे, बहिणीला तीच हळद हवी आहे, आणि कुटणारा मामा डोळ्यांनी बघायचा आहे. मला काल स्वच्छ सांगितलंय, “चार बायांन मी बोल्लेय. मामा दिसला पायजे, नाय त खोली खाली कर.” तेव्हा तुम्ही यावं. खोटं बोलावं लागणार नाही. धोतर नेसून ओट्यावर बसायचं. कोणी विचारलंच तर माझ्याबद्दल नेहमी म्हणता तेच म्हणा, “हा काय करतो ते मला ठाऊक नाही.” त्यांना ते गुपित वाटेल.

ता. क. दुसरं. मेघनाताईंचा ड्रॅगन मोठा आहे, तो दुकानाच्या दर्शनी काचेत बसायचा आहे. नवी भुकटी आली की पाठ मी पुरी करीन. डोळे रेखलेले नाहीत. लहान पुतळ्यांना मी टिंब देतो, खपून जातं. हा बघतो आहे असं वाटायला हवं. ब्रश उचलला की तुमचा आवाज ऐकू येतो, “श्वास सोड, मग रेघ ओढ.” श्वास सोडतो. रेघ येत नाही, टिंबच येतं. तो बारीक ब्रश आणाल का, ज्याला मला कधी हात लावू दिला नाहीत? आत्ताही लावणार नाही. तुम्ही रेखा, मी दिवा धरतो. तसा सकाळी दिवा लागत नाही, खोलीत उजेड भरपूर असतो, अजून तरी. पाल म्हटलंत तरी चालेल.

ता. क. तिसरं. सोबतच्या पुडीत आवडाबाईंनी लग्नातली हळद दिली आहे, मामींसाठी. पुडीवर मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही. आमटीत घालण्याआधी मामींना म्हणावं, उन्हात धरून एकदा बाजूने बघा.