कुजबुजीचे बारा शब्द

प्रिय ठमाबाई,

तुझ्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही या नावाने हाक मारली म्हणून नाक मुरडू नकोस. फोनवरच बोलणार होतो, पण तू फोन नेहमी उजव्याच कानाला लावतेस हे आठवलं की माझी जीभ अडखळते. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच, आणि मग हव्या तेवढ्या शिव्या दे.

गेला आठवडाभर बाबांचा दवाखाना रिकामा करतोय. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा कान-नाक-घशाचा डॉक्टर, आता स्वतःला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र शर्टाच्या खिशात घालून हिंडतो. चष्म्याला लाजत नाही तर यंत्राला कशाला लाजता, असं जन्मभर पेशंटना सुनावलं. स्वतःवर वेळ आली तेव्हा लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी खुणेनेच खिशाकडे बोट दाखवतो, ते खुणेनेच नको म्हणतात. आमचा संसार असा चालला आहे.

कपाळावर बांधायचा तो गोल आरसा सापडला. पोरांच्या नाका-कानातून काढलेल्या ऐवजाची बरणीही सापडली. मणी, बटणं, वाटाणे, खोडरबराचे तुकडे, आणि तो छोटा स्क्रू, जो मीच नाकात घातला होता आणि नाव तुझं सांगितलं होतं. बरणी हातात घेतली आणि सगळा दवाखाना कानात घुमायला लागला. नाकातून रक्त येणारा कुणीही आला की बाबा दारातूनच ओरडायचे, "मान मागे नाही, पुढे! नाकाचा मऊ भाग दाबून धर, दहा मिनिटं, घड्याळ बघून!" आई आतून म्हणायची, "अहो, हळू, त्याला रक्तापेक्षा तुमचीच भीती वाटतेय." ओरडून ओरडून घसा बसलेल्या तुझ्या गाण्याच्या बाईंना त्यांनी पंधरा दिवस गप्प बसायला लावलं होतं, आणि त्यांचे यजमान पेढीवरून खास आभार मानायला आले होते. घरात कुणाला साधी सर्दी झाली तरी आई वाफेचं पातेलं आणि टॉवेल घेऊन मागे लागायची. त्या टॉवेलखाली आपण दोघं डोकं घालून बसायचो आणि घामाघूम होईपर्यंत कुजबुजायचो. आपली सगळी पापं त्या टॉवेलखालीच शिजली.

माझे टॉन्सिल काढले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वर्षात सात वेळा ताप आणि घसादुखी झाल्यावर बाबांनी हो-ना करत निर्णय घेतला होता. खरं सांगायचं तर मी झोपलो, उठलो, आठवडाभर गिळताना दुखलं आणि भरपूर आइस्क्रीम मिळालं. पण तुला मी काय सांगितलं? मला खुर्चीला बांधलं, कात्री ही एवढी होती, आणि बादलीभर रक्त गेलं. तू डोळे विस्फारून ऐकायचीस, म्हणून बादलीच्या दोन बादल्या झाल्या.

पुढच्या वर्षी तुझं सुरू झालं. सतत सर्दी, तोंड उघडं टाकून झोपणं, रेडिओ मोठा करणं. आई म्हणाली, "हिला हाक ऐकू येत नाही." मास्तर म्हणाले, लक्ष नसतं. बाबांनी बॅटरी लावून कान पाहिला. डाव्या कानाचा पडदा निस्तेज दिसतोय, मागे पाणी साठलं असावं, असं ते आईला सांगत होते. बहुतेक मुलांचं तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं आणि ऐकू कमी येत असेल, तर नाकामागची वाढलेली गाठ काढायची आणि पडद्यात एक बारीक नळी बसवायची. तू दाराआडून एवढंच ऐकलंस की काढायची. टॉवेलखाली माझा हात धरून रडलीस, "दादा, मला दोन बादल्या नकोत."

तीन महिन्यांनी कुजबुजीची परीक्षा झाली. बाबा तुझ्या खुर्चीमागे हातभर अंतरावर उभे, तुझा उजवा कान बोटाने बंद केलेला, आणि ते हलकेच एकेक शब्द म्हणणार. घोडा, टोपी, चमचा, पंखा... त्यांचे बारा शब्द वर्षानुवर्षं तेच होते, पाढ्यांसारखे आपल्याला पाठ. मी समोर पाटीवर बरोबर-चूक लिहायला बसायचो. तुला ते दिसत नसत, पण मला त्यांचे ओठ स्वच्छ दिसत. मी डोक्याला हात लावला की तू म्हणायचीस टोपी, गुडघ्यावर टिचकी मारली की घोडा. बारापैकी बारा! बाबांनी तुला उचलून घेतलं. ऐकू तर छान येतंय, मग उगाच कशाला कापाकापी, आणखी थांबू, म्हणाले. आपण जिंकलो होतो. त्या दिवशी आपण दोघांनी शपथ घेतली, मेलो तरी सांगायचं नाही.

पुढचं तुला मी काय सांगू? दीड वर्ष आपण ती परीक्षा पास होत राहिलो. मग कान वाहायला लागला, घाण वास यायला लागला, आणि मोठ्या इस्पितळात कानामागचं हाड कोरावं लागलं. जीव वाचला, डावा कान गेला. टाके काढले त्या दिवशी बाबा अंगणातल्या नळाशी पाठ करून कितीतरी वेळ हात धूत होते. मी पायरीवर बसून पाहत होतो. तोंड उघडलं नाही.

परवा लाकडी खणात तुझं कार्ड मिळालं. 'कुजबूज: बारा/बारा. थांबावे.' आणि त्याखाली वेगळ्या शाईने, 'माझी चूक.' खाली दोन रेघा. आठवतं, त्यानंतर लोक त्यांना तीनदा-डॉक्टर म्हणून चिडवायचे? कुठलंही पोर आलं की ते तीनदा बोलावून तपासायचे, दरवेळी नवे शब्द, आणि एवढंसं कमी-जास्त वाटलं तर ऐकणं मोजायच्या यंत्रावर तपासायला पाठवायचे. आपणही हसायचो गं त्यांना. त्या तीनदामुळे किती पोरांचे कान वाचले असतील कोण जाणे, पण त्याचं कारण आपल्यालाच ठाऊक होतं आणि तरी आपण हसायचो.

आता हे पत्र का, ते ऐक. सोमवारी बाबांनी मला समोर बसवलं. हात थरथरतो, लिहिता येत नाही, तर तू लिही म्हणाले. "तिला लिही, इतक्या पोरांचे कान पाहिले आणि घरच्या पोरीचा चुकला. जायच्या आधी तिची माफी मागायची आहे." मी कागद घेतला, तुझं नाव लिहिलं, आणि पुढे हात हलेना. मग लिहिल्यासारखं केलं. एकसष्टाव्या वर्षी पुन्हा त्यांच्यासमोर तीच लबाडी! मला त्यांना खरं सांगायचंय, ठमे. त्यांच्याकडे दिवस थोडे आहेत. पण शपथ दोघांची होती, मोडायची तर दोघांनी. कान तुझा गेला आणि भीती मी घातली होती, म्हणून आधी तुझी माफी मागतो. रविवारी ये. त्यांना खिडकीपाशी बसवू आणि समोर बसून सावकाश बोलू, म्हणजे यंत्र खिशात असलं तरी त्यांना आपले ओठ दिसतील. पत्र टाकलंस का, असं ते रोज विचारतात. आज टाकलं म्हणून सांगेन. तेवढं तरी खरं असेल.

तुझाच,
दादा