हातांनी ठेवायचं नाव

बाई,

आज बारशाचं सामान आलं. घुगऱ्यांना हरभरे दोन किलो, तीस रुपये. साखर अडीच किलो, पस्तीस रुपये. खोबरं, पानसुपारी आणि झबल्याचं मऊ कापड मिळून साठाच्या आत बसवलं. पाळणा शेजारच्या खालाकडून मागून आणला. पैसे विचारले तर म्हणाली, "हमारी भी तो नवासी है, क्या बाताँ करते तुम," नातीच्या पाळण्याचे कसले पैसे म्हणून, आणि वर आतली गादी धुऊन दिली. तुमच्या शाळेत शिकलेल्या माझ्या लेकीला मुलगी झालीय, बाई. उद्या बारसं, आमच्याच घरी, पुंडलिकनगरात. जावईही तुमच्याच शाळेतले, आता वाळूजच्या कंपनीत लागलेत. दोघांना ऐकू येत नाही, पण बाळाला येतं. कुकरची शिट्टी झाली की दचकते. पहिल्यांदा दचकली तेव्हा विहीणबाईंनी त्या कुकरलाच हात जोडले.

लेकीचं म्हणणं असं, की आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं की लगेच आम्ही दोघं हातांनी तिचं नाव ठेवणार, सगळ्या पाहुण्यांसमोर. विहीणबाईंना ते नको आहे. "आईबाप असे, लेकरू तरी बोलू द्या की. हातवारे बघून बघून ते बी मुकंच राहील," असं त्या सकाळी माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांचा राग नाही येत मला. पोटच्या पोराच्या तोंडून त्यांनी 'आई' हा शब्द धड ऐकला नाही. पण लेकीनं माझ्याकडे बोट केलं आणि हातानं सांगितलं, तू बोल त्यांच्याशी. तेव्हापासून तुमची आठवण येतेय.

तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तो रविवार आठवतो का? पडेगावहून बसनं आलात, पदरानं तोंड पुसत सरळ स्वयंपाकघरात आलात आणि माझ्या पाटाशेजारी जमिनीवरच बसलात. माझे सोमवार चालू होते. पोरीला वाचा यावी म्हणून दर सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराला जात होते. तो रविवार असला तरी एकादशी होती, त्यामुळे साबुदाणा होताच. "उपास तुमचा, खिचडी माझी," म्हणत तुम्ही ताटली पुढे केली. नवसाला तुम्ही कधी हसला नाहीत. मी पोरीला पोळी वाढत होते. ओठ वाचायला शिकवायचे म्हणून मी तोंड भलं मोठं करून, दात दाखवून, "पो-ळी घे!" असं ओरडून म्हणाले. पोरीनं मान खाली घातली आणि तुमच्याकडे बघून बोटं हलवली. तुम्ही खिचडी खाली ठेवलीत. "ती विचारतीय, आई माझ्यावर रोज कशाला रागावते?" तव्यावरची पोळी तशीच करपली. "तोंड असं वेंगाडू नका हो. आपण नेहमी बोलतो तसंच बोला, फक्त तिच्यासमोर बसून," एवढंच म्हणालात. मग तुम्ही हनुवटीवर दोन बोटं टेकवून पोरीला बोलावलंत आणि ती हसत तुमच्या मांडीवर आली. मी विचारलं, हे काय? "तिचं नाव. वसतिगृहातल्या पोरींनी ठेवलंय, हनुवटीवर तीळ आहे ना." बाई, सात वर्षं मी ज्या नावानं तिला हाक मारत होते, ते तिनं कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी मी भीत भीत हनुवटीला बोटं लावली आणि माझी लेक पहिल्यांदा माझ्या हाकेला आली.

चौथीनंतर तिला घरी ठेवायचं यांच्या मनात होतं. पाचवीच्या वर्गांत अंध मुलीही बरोबर असतात, तिथं हिचं काय, असं म्हणत होते. तुम्ही यांना काही पटवायला गेला नाहीत. शाळेत बोलावलंत आणि मधल्या सुट्टीत अंगणात उभं केलंत. एक अंध मुलगी हिच्या शेजारी बसून तोंडानं गप्पा मारतेय, ही तिच्या तळव्यावर बोटानं अक्षरं काढून उत्तर देतेय. ती मुलगी बोलता बोलता तोंड भलतीकडे फिरवायची, की ही तिची हनुवटी धरून पुन्हा आपल्याकडे वळवायची, आणि दोघी खिदळायच्या. हे बराच वेळ बघत राहिले. बाहेर आल्यावर फक्त म्हणाले, "राहू दे तिला." त्याच अंगणात एकदा वरून तपासणीला आलेले साहेब तुमच्यावर डाफरले होते, सरकारी शाळेत बोलणं शिकवायचं असताना इथं हातवारे कसे चालतात म्हणून. पोषाखी साहेब होते. तुम्ही शांतपणे सांगितलंत, "साहेब, वर्गात ओठ, अंगणात हात. नाहीतर दिवसभर लेकरं मुकीच ठेवायची का?" ते हात तुम्ही पोरांकडूनच शिकला होतात. तुमचं चुकलं की पोरं पोट धरून हसायची आणि तुम्ही मुकाट्यानं पुन्हा करून दाखवायचात. एवढ्या मोठ्या बाईला पोरांच्या हाताखाली शिकताना मी दुसरीकडे कुठं पाहिलं नाही.

तुम्हाला देवाघरी जाऊन आता तप उलटलं. उद्या विहीणबाईंना सांगायचं ते मनात आहे. बाळाला दोन भाषा मिळतायत, एक काढून का घ्यायची? आणि आत्यानं कानात सांगितलेलं नाव बाळाच्या आईला कधीच ऐकू जाणार नाही. तिला आपल्या लेकराला हाक मारायला नाव नको का? सकाळी देवासमोर हे म्हणून पाहिलं, नीट जमलं. पण खरं सांगते, लेकीला मी मान डोलावून होकार दिला आणि दुपारी विहीणबाई पुन्हा विषय काढायला आल्या, तेव्हा चहा टाकते म्हणून आत निघून गेले. चहा उकळून काळा होईस्तोवर बाहेर आले नाही. शाळेचा पत्ता पाकिटावर लिहिला होता, तो खोडून पाकीट ठेवून दिलं. दुसऱ्या कशाला तरी होईल. तरी एक मागते. त्या साहेबांसमोर तोंड उघडताना तुमच्या छातीत धडधडलं होतं का, एवढं उलट टपाली कळवा.